राजहंसगडावरून धुराचा माग



येळ्ळूरचा राजहंसगड आपल्याला नवा नाही. सिद्धेश्वराचे दर्शन घ्यायचे, तटावरून शहर पाहायचे, डबा खायचा आणि उतरायचे, असे आपण अनेकदा केले आहे. या वर्षी मार्चच्या पहिल्या आठवड्यात आम्ही नववीच्या वर्गाला घेऊन गेलो ते मात्र अभ्यासासाठी. लांब दिसणारा धूर नेमका कुठे आहे, हे गडावरून सांगता येते काय, हा प्रश्न होता.

फेब्रुवारी ते मे हा आपल्या भागात वणव्याचा काळ. पानगळ झालेली असते, गवत वाळलेले असते. वन खाते जंगलात गवत काढून जाळरेषा आखते, पहारेकरी नेमते, काही ठिकाणी उंच मनोरे बांधते. राजहंसगड हा काही तसा मनोरा नव्हे, पण जागा तशीच आहे. उत्तरेला बेळगाव, ईशान्येला सांबरा, दक्षिणेला खानापूर, वायव्येला देवरवाडीचा वैजनाथ डोंगर आणि पश्चिमेला सह्याद्रीच्या रांगा.

अकराच्या सुमारास नैऋत्येला धूर दिसला. "तो बघा, तिकडे!" दहा जण ओरडले. तिकडे म्हणजे कुठे, असे विचारल्यावर कोणी जांबोटी म्हणाले, कोणी त्याच्या अलीकडे. वाद मिटेना, आणि मिटणार तरी कसा? एका जागेवरून फक्त दिशा कळते, अंतर कळत नाही.

होकायंत्राने दिशा मोजली: उत्तरेपासून उजवीकडे २२५ अंश. नकाशावर गडापासून तेवढ्या कोनात रेघ ओढली. धूर या रेघेवर कुठेही असू शकतो. आता समजा, त्याच वेळी वैजनाथ डोंगरावरील कोणी तोच धूर १८० अंशांवर, म्हणजे सरळ दक्षिणेला पाहिला. तिथून दुसरी रेघ ओढा. दोन्ही रेघा जांबोटी-खानापूर भागातल्या रानात छेदतात. तेच आगीचे ठिकाण. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत ऑस्बॉर्न या वनाधिकाऱ्याने मनोऱ्यांसाठी जे यंत्र बनवले, त्याचे तत्त्वही हेच. मात्र हात स्थिर हवा. कोन मोजताना एका अंशाची चूक झाली तर १५ किलोमीटरवर सुमारे २६० मीटरचा फरक पडतो. रेघा जितक्या काटकोनात छेदतील तितके उत्तर खात्रीचे.

आज हे काम उपग्रहही करतात. भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून त्यांच्या आधारे आगीच्या सूचना देते. पण ते उपग्रह आपल्यावरून दिवसात मोजक्याच वेळा जातात. मधल्या वेळेत पेटलेले गवत माणसालाच आधी दिसते.

एवढे सांगून होते तोच पूर्वेला, पायथ्याच्या शेतात दुसरा धूर उठला. एक मुलगा हळूच म्हणाला, "ते आमचंच शेत. बाबांनी बांध पेटवला असेल." वर्ग हसला, त्यात आम्हीही हसलो. हसायला नको होते. बांध आणि डोंगरउतार पेटवला की पुढे गवत चांगले येते, असे आपल्या बहुतेक घरांत मानतात, आणि पेटवून झाल्यावर दुपारच्या वाऱ्यात तिथे कोण थांबते? तो पुढे म्हणाला, "पेटवून ते जेवायला घरी येतात."

उतरताना त्याने वही दाखवली. जांबोटीकडच्या धुराखाली त्याने आपल्या बांधाचीही नोंद केली होती: ९५ अंश, अकरा वाजून चाळीस मिनिटे.