माझा आवडता प्राणी : कारवानी कुत्रा

'माझा आवडता प्राणी' हा निबंध दिला की निम्मा वर्ग कुत्र्यावर लिहितो. कुत्रा इमानी असतो, घराची राखण करतो, त्याला चार पाय असतात. वह्या तपासून तपासून आपलंही ते पाठ झालेलं असतं.

मागे एका मुलाने वेगळंच लिहिलं. 'आमचा कुत्रा जास्त भुंकत नाही. तो लांब बघत बसतो. त्याचं पोट आत गेलेलं आहे, पण तो उपाशी नाही.' शेवटच्या वाक्याखाली मी लाल रेघ ओढली. मुलगा म्हणाला, "सर, कारवानी आहे तो. त्याचं पोट तसंच असतं."

चूक माझीच होती.

कारवानी म्हणजे मराठवाडा आणि दक्षिण महाराष्ट्रातला शिकारी कुत्रा. कर्नाटकात त्यालाच मुधोळ म्हणतात. मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजांनी ही जात जोपासली म्हणून ते नाव. कानाशेपटीवर लांब केस असले की आपल्याकडे त्याला पश्मी म्हणतात. 2005 मध्ये टपाल खात्याने मुधोळवर तिकीट काढलं. 2016 मध्ये त्याची पिल्लं लष्कराच्या मेरठच्या केंद्रात प्रशिक्षणासाठी गेली.

बीगलसारखे कुत्रे वासावर माग काढतात, हा नजरेवर शिकार करतो. म्हणून तोंड लांबट, डोळे दूरवर लागलेले. छाती खोल, कारण पळताना हृदयाला आणि फुप्फुसांना जागा लागते. कंबर बारीक, पाठ लवचीक. भरधाव पळताना एका ढांगेत दोनदा त्याचे चारही पाय जमिनीवरून उचललेले असतात! मोबाइलवर असा व्हिडिओ हळू करून मुलांना दाखवा, विज्ञानाचा तास आपोआप होतो.

निबंधात आणखी एक वाक्य होतं : 'बाबा त्याला सशामागं सोडतात.' ते मात्र सोडून देता येईना. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि रानातला ससाही त्यात येतो. पालकसभेला मी वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "मग सर, पाळायचा कशाला ह्यो? बांधून ठिवला तर मरंल की."

प्रश्न खरा होता. त्या अंगाला पळणं लागतंच. आम्ही बोलत बसलो. त्यांच्या रानाला एका बाजूने तारेचं कुंपण होतंच, बाकीचं त्यांनी करून घेतलं. आता सकाळी तो तिथे मोकळा पळतो आणि मुलगा चिंधी बांधलेली दोरी ओढत पुढे धावतो.

शहरातल्या पालकांना एवढंच सांगेन : रुबाबदार दिसतो म्हणून पिल्लू आणू नका. समोर काही पळालं की हा हाक ऐकत नाही, मग ती शेजारची मांजर का असेना. अंगावर केस आणि चरबी कमी, त्यामुळे थंडीत गोणपाट तरी अंथरावं लागतं. रोज पळायला बंदिस्त मैदान नसेल तर साखळीला तो खंगतो.

त्या वहीतली लाल रेघ मी खोडली आणि बाजूला 'बरोबर' लिहिलं. सशाचं वाक्य मुलाने स्वतःच बदललं : 'आमचा कुत्रा आता चिंधी पकडतो, पण अजून माझ्या पुढं जातो.'