अजिंक्य नायक नापास का होतो?

प्रश्न : मी मंगरूळपीरला राहतो, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. डिस्कॉर्डवरच्या एका रोलप्ले ग्रुपमध्ये शिरायचं तर आधी स्वतः तयार केलेल्या पात्राचा अर्ज द्यावा लागतो. मी दोनदा दिला, दोन्ही वेळा रिजेक्ट झाला. पहिल्यांदा शेरा आला ‘ओव्हरपॉवर्ड’, दुसऱ्यांदा ‘मेरी सू’. माझा नायक तर पुरुष आहे! तो अनाथ राजपुत्र आहे, त्याला सगळी शस्त्रं चालवता येतात, आणि त्याचा सात पानी पूर्वेतिहास मी मेहनतीने लिहिला होता. माझं इंग्रजी कच्चं आहे म्हणून असं होतं का? की लहान गावात राहून असलं काही सुचतच नाही? दमदार पात्र म्हणजे नेमकं काय?

उत्तर : हा प्रकार ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. रोलप्ले म्हणजे अनेकांनी मिळून लिहायची गोष्ट. प्रत्येकाच्या वाट्याला एक पात्र. आपलं पात्र काय बोललं, काय केलं, एवढंच आपण लिहायचं. त्यावर पुढची पोस्ट दुसऱ्याची. जीटीए ५ हा खेळ फाइव्हएमच्या सर्व्हरवर खेळणारे हेच काम माइकवर बोलून करतात, आणि तिथेही बऱ्याच ठिकाणी पात्राचा अर्ज मंजूर झाल्याशिवाय आत सोडत नाहीत. कोणत्याही सिनेमातून वा मालिकेतून न उचललेल्या, स्वतः घडवलेल्या पात्राला ही मंडळी ‘ओसी’ म्हणतात.

आता तुमचा राजपुत्र. तो कमी पडला म्हणून नापास झाला, असं तुम्ही धरून चाललात. खरं तर त्याच्यात कमी म्हणून काही नव्हतंच, आणि घोटाळा तिथेच झाला. कादंबरीत एकच लेखक असतो. नायकाला तो अजिंक्य करतो आणि हवं तेव्हा अडचणीतही टाकतो. रोलप्लेमध्ये तुमच्या नायकाला अडचणीत टाकायचं काम दुसऱ्या खेळाडूंचं असतं. तो कोणाकडून हरणार नाही, त्याला काही नको, कोणाची भीती नाही, असं अर्जातच लिहिलं असेल तर बाकीच्यांनी करायचं काय? त्यांनी फक्त टाळ्या वाजवायच्या. अ‍ॅडमिन अर्ज वाचताना हेच बघतो की हे पात्र आलं तर इतर दहाजणांना खेळायला काही मिळेल का.

हा अर्ज आला कुठून, तेही सांगतो. त्याने पुष्कळ उलगडा होतो. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ अमेरिकेत निघाला. त्यात पात्राची ताकद, चपळाई, चिवटपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप पाडण्याची क्षमता असे सहा गुण फाशांनी ठरत. तीन फासे टाकायचे आणि जो आकडा पडेल तो मुकाट्याने घ्यायचा. सहाही वेळा अठरा पडणं जवळजवळ अशक्यच. त्यामुळे कोणी बलदंड पण मंदबुद्धी निघे, तर कोणी हुशार पण काडीपैलवान. पात्रात उणीव राहील याची काळजी फासेच घेत. पुढे १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी ‘मड’ हा संगणकावरचा, अनेकांनी एकत्र खेळायचा मजकुरी खेळ केला. तिथून हा छंद पडद्यावर आला. आज जे ग्रुप नुसतं लिहून खेळतात त्यांच्याकडे फासेही नसतात आणि आकडेही नसतात. पूर्वी फासे जी उणीव घालत ती आता लिहिणाऱ्याने आपणहून घालायची असते, आणि ती घातली आहे की नाही हे अर्जावरून पाहतात.

‘मेरी सू’ या शेऱ्याचा स्त्री-पुरुषाशी संबंध नाही. १९७३ मध्ये पॉला स्मिथ यांनी ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांच्या नियतकालिकात एक चिमुकली विडंबनकथा लिहिली. तिची नायिका लेफ्टनंट मेरी सू. वय साडेपंधरा, आरमारातली सर्वांत लहान लेफ्टनंट आणि सगळ्या बाबतींत निष्णात. चाहत्यांच्या कथांमध्ये अशा सर्वगुणसंपन्न नायिकांचा सुळसुळाट झाला होता, त्यावर तो टोला होता. तेव्हापासून लेखकाने स्वतःची हौस भागवायला घडवलेल्या निर्दोष पात्राला हे नाव चिकटलं. तेव्हा शेरा तुमच्यावर नाही, नायकाच्या निर्दोषपणावर आहे.

आपल्याकडे या खेळाचा सगळ्यात जवळचा नातेवाईक म्हणजे बहुरूपी. वऱ्हाडात रायरंदही हेच काम करत आले. हवालदाराचा वेष घालून तो दारात येतो, वॉरंट निघालंय म्हणून दरडावतो. घरातल्यांना ठाऊक असतं की हा हवालदार नव्हे, तरी आजी म्हणते, “अगं बाई, काय गुन्हा झाला आमच्याकडून?” आणि मग रंग भरतो. बहुरूपी खरोखरच कोणाला धरून नेऊ लागला तर त्याच क्षणी मजा संपेल. त्याचं कौशल्य समोरच्याला उत्तर सुचेल असं बोलण्यात आहे. तुमच्या पात्रालाही तेच साधायचं आहे.

‘अनाथ’ हा शब्द तर अर्ज तपासणाऱ्यांच्या सर्वाधिक सवयीचा झाला असेल. आई-बाप मारून टाकले की पात्राला दुःख मिळतं आणि दुःखाने खोली येते, असा समज फार पसरलेला आहे. त्याचा परिणाम मात्र उलटा होतो. मेलेली माणसं पोस्ट लिहीत नाहीत. जिवंत भाऊ, रुसलेली बहीण, पैसे थकलेला मित्र, मोडलेलं लग्न, यातली प्रत्येक गोष्ट दुसऱ्या खेळाडूसाठी उघडं दार असते. सात पानी इतिहासाचंही तसंच. त्यात नायकाच्या सगळ्या लढाया लढून झाल्या, सूडही घेऊन झाला. मग ग्रुपमध्ये येऊन तो करणार काय? पूर्वेतिहास आजच्या अडचणीपाशी आणून सोडायचा. त्याला आज काय हवंय आणि ते का मिळत नाही, ही दोन उत्तरं नसतील तर सत्तर पानंही वाया जातील.

मराठी वाचकाला याची उदाहरणं परकी नाहीत. चिं. वि. जोशींचा चिमणराव भित्रा, पण त्या भित्रेपणामुळेच गुंड्याभाऊला शेजारी उभं राहायला जागा मिळाली. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीचा किडकिडीत पोरगा. तो ताकदीने जिंकत नाही, त्याचं कुतूहल त्याला नको तिथे नेऊन अडकवतं. आणि आपल्या विदर्भातच बघायचं तर उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मधली कौतिक बघा. ती कादंबरी १९६० ची. कौतिककडे ना सत्ता, ना पैसा. आहे ती फक्त जिद्द, आणि ती वऱ्हाडी बोलते. तिच्याइतकं दमदार पात्र मराठीत शोधावं लागेल.

म्हणून लहान गावाची शंका तर मी साफ खोडून काढतो. तुमच्या गावात हयात कलंदरांचा दर्गा आहे, बिरबलनाथांची यात्रा भरते, आणि कृषी उत्पन्न बाजार समितीचं आवार आहे. सोयाबीनच्या हंगामात त्या आवारात एक तास उभे राहा. हर्रास चाललेला असतो, अडत्या मूठभर दाणे तळहातावर घोळवतो, ओलावा बारा टक्क्यांच्या वर निघाला की भाव पडतो, आणि मापारी काट्यावर कट्टे चढवत असतो. त्या मापाऱ्याला उचला आणि तुमच्या ग्रुपच्या राजा-राणीच्या दुनियेत नेऊन ठेवा. अर्ज असा होईल :

“मारोती, वय ३२. राजधानीच्या धान्यकोठारात मापारी. दाणा दाताखाली धरून ओलावा सांगतो, त्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. तलवार कधी हातात घेतलेली नाही. थोरल्या भावाचं कर्ज अंगावर आलं, म्हणून मागच्या हंगामात त्याने सैन्याच्या धान्यात माप मारलं. दुष्काळ पडला तर ते उघडं पडेल, हे त्याला माहीत आहे. खोटं बोलताना तो नकळत बोटं मोजतो.”

एवढ्याशा मजकुरात किती जणांना काम मिळालं बघा. सेनापतीला चौकशी मिळाली, सावकाराला तगादा मिळाला, भावाचं पात्र घ्यायला कोणीही पुढे येईल, आणि ज्याने बोटांकडे लक्ष दिलं त्याला मारोतीचं गुपित कळेल. मारोतीला एक गोष्ट अप्रतिम येते, बाकीच्यांत तो सामान्य आहे. हे प्रमाण मला योग्य वाटतं.

अर्जासोबत बहुतेक ठिकाणी नमुन्याची पोस्ट मागतात. तिथे एकच पथ्य पाळा : समोरच्या पात्राचं काय झालं ते तुम्ही लिहायचं नाही. ‘त्याने सेनापतीला लोळवलं’ हे चूक, कारण लोळायचं की नाही हे सेनापती खेळणारा ठरवेल. त्याऐवजी : “मारोतीने किल्ल्यांचा जुडगा मुठीत आवळला. ‘मले काटा पाहू द्या आधी, मंग काय ते बोला,’ तो म्हणाला, पण त्याने सेनापतीच्या नजरेला नजर दिली नाही.” आता चेंडू सेनापतीकडे गेला.

राहिलं इंग्रजी. व्याकरणाच्या चार चुकांनी अर्ज सहसा पडत नाही; नियम न वाचल्याने मात्र पडतो. वाक्यं लहान ठेवा आणि वाटल्यास आधी मराठीत लिहून मग उतरवा. चॅटबॉटकडून अर्ज लिहून घेण्याचा मोह टाळा. अनेक ग्रुपना ते चालत नाही, आणि त्या सफाईदार मजकुरात मारोतीची बोटं कुठून येणार?

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण सांगायला हवी. पात्र खोटं असलं तरी अर्ज भरणारा खरा आहे. खरं नाव, कॉलेज, फोन नंबर अर्जात देऊ नका. पात्राचा चेहरा म्हणून ओळखीच्या मुलीचा वा मित्राचा फोटो लावू नका. खाजगीत कोणी तुमचा फोटो किंवा पैसे मागू लागला तर ग्रुप सोडा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवा.

नाकारलेला अर्ज बहुतेक ग्रुपमध्ये पुन्हा देता येतो, किती दिवसांनी ते नियमांत दिलेलं असतं. तोवर चालू गोष्टीतल्या अलीकडच्या पोस्ट वाचून काढा, तिथे कोणत्या माणसाची उणीव आहे ते शोधा आणि राजपुत्राला रजा देऊन त्या माणसाचा अर्ज भरा.