डोंगरवाटेवरील चट्टी

विद्यार्थ्यांनो, प्रवासास निघण्यापूर्वी मुक्कामाची जागा व जेवणाचा दर यांची चौकशी आज आपण घरबसल्या करतो. मोटारी नव्हत्या तेव्हा हिमालयातील गढवाल प्रदेशात केदारनाथ व बदरीनाथ येथे पायी जाणारे हजारो यात्रेकरू कोठे उतरत व काय खात, हे जाणून घेणे बोधप्रद होईल असे आम्हांस वाटते.

हृषीकेशाहून ही वाट नदीकाठाने चढत जाई. तिच्यावर दर काही मैलांवर ‘चट्टी’ नावाचा पडाव असे. चट्टी म्हणजे पाण्याजवळ बांधलेल्या बुटक्या झोपड्यांची ओळ. दगडी भिंती, गवताचे छप्पर, पुढील बाजू उघडी आणि आत चुली. झोपडीचा धनी तेथील दुकानदारच असे. त्याच्याकडून पीठ, तांदूळ, डाळ विकत घेतली की भांडी व रात्रीची जागा यांचे निराळे भाडे पडत नसे. धान्य माणसांच्या व जनावरांच्या पाठीवरून वर न्यावे लागे. म्हणून जसजसे वर जावे, तसतसे ते महाग होई. ज्यांच्या गाठी पैसा नसे, त्यांना बाबा काली कमलीवाले यांच्या परंपरेतील धर्मशाळा व सदावर्ते यांचा आधार होता.

या व्यवस्थेचे दोषही लपवू नयेत. गर्दीत पाणी दूषित होऊन पटकीची साथ एका चट्टीवरून दुसरीवर जाई. म्हणून सरकारला स्वच्छतेकडे व नळाच्या पाण्याकडे लक्ष द्यावे लागले.

१९६२ च्या चीन-युद्धानंतर सीमेकडील मोटाररस्त्यांचे काम झपाट्याने वाढले. एका दिवसाची चाल मोटार तासाभरात संपवू लागली, तेव्हा मधल्या बहुतेक चट्ट्या ओस पडल्या. पूर्वी यात्रेकरूंचा भार साऱ्या वाटेवर विभागला जाई. तो आता मोजक्या गावांवर पडू लागला आणि नदीच्या अगदी काठापर्यंत उंच इमारती उभ्या राहिल्या. जून २०१३ च्या महापुरात मंदाकिनीच्या खोऱ्यात हजारो माणसे प्राणास मुकली. केदारनाथच्या पायवाटेवरील रामबाडा हा जुना पडाव तर समूळ वाहून गेला. पाऊस मनुष्याच्या हाती नाही हे खरे. परंतु घर कोठे बांधावे, हे पुष्कळ अंशी त्याच्याच हाती असते.

आज तेथील कित्येक खेड्यांत शेतकरी कुटुंबे पाहुण्यांस आपल्या घरी उतरवून घेतात. ताटात मंडुव्याची भाकरी व गहतची डाळ येते. मंडुवा म्हणजे आपली नाचणी आणि गहत म्हणजे आपले कुळीथ! अशा घरी दिलेला पैसा गावातच राहतो.

म्हणून पालकांस आमची विनंती आहे की, मुलांसह डोंगरात, मग तो हिमालय असो की आपला सह्याद्री, मुक्काम ठरविताना खोलीच्या दराबरोबर आणखी दोन प्रश्न विचारावेत: येथे पाणी कोठून येते, आणि आमचा केरकचरा कोठे जातो? या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे जेथे मिळतील, तेथेच सामान उतरवावे.