शाळेतील गट आणि बोली : एक उदाहरण

बोलीभेद हा वक्त्याच्या सामाजिक वर्गातून आपोआप उद्भवतो, असे मानले जाते. हे कितपत खरे आहे?

पेनेलोपी एकर्ट यांनी १९८०च्या दशकात अमेरिकेतील डेट्रॉइटच्या एका उपनगरातील शाळेचा अभ्यास केला. ‘बेल्टन हाय’ हे त्या शाळेचे कल्पित नाव. तेथे विद्यार्थ्यांचे दोन परस्परविरोधी गट होते. शालेय उपक्रमांत रमणारे, महाविद्यालयाकडे डोळे लावलेले ‘जॉक’ प्रामुख्याने मध्यमवर्गीय. तर शाळेपासून दुरावलेले, शहराकडे ओढले जाणारे ‘बर्नआउट’ प्रामुख्याने कामगारवर्गीय. बर्नआउटांच्या बोलण्यात दुहेरी नकार आणि शहरी स्वरोच्चार अधिक आढळले. विशेष म्हणजे, पालकांच्या वर्गापेक्षा मुलांनी स्वतः स्वीकारलेल्या गटाशी त्यांची बोली अधिक निगडित होती.

या शाळेतील विद्यार्थी बहुतांशी गोरे होते. हा योगायोग नव्हे. डेट्रॉइट व उपनगरांतील शाळांचे एकत्रित वंशीय एकात्मीकरण करण्याची योजना सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली ‘मिलिकन विरुद्ध ब्रॅडली’ खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी नाकारली होती. वंशभेदाची भिंत शाळेबाहेर राहिली. वर्गभेदाची आत दिसली.

तात्पर्य, बोली ही आपण कोणाचे आहोत हे सांगण्याची कृती असते. ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला ‘अशुद्ध’ ठरवणारा शिक्षक केवळ उच्चार नाकारत नाही. त्याची माणसेही नाकारतो.

स्वाध्याय : आपल्या परिसरातील एका शाळेच्या संदर्भात या विधानाची चर्चा करा.