मूल आजारी, कामाचा खाडा

मोठे माणूस आजारी पडले तर एकच माणूस अंथरुणात पडते. लहान मूल आजारी पडले तर दोन माणसे अडकतात. एक ते मूल आणि दुसरे त्याच्याजवळ बसणारे. जवळ बसणारा माणूस बहुतेक आई असते. मग तिच्या कामाचे काय होते? हा विषय बाईंनी मला दिला. मी घरी, गल्लीत आणि बाईंना विचारून ही माहिती लिहिली आहे.

जवळ कोण तरी का लागते?

औषध आणले म्हणजे मूल लगेच बरे होत नाही. ते वेळेवर पाजावे लागते. ताप वाढला काय ते बघावे लागते. जुलाब लागले तर अंगातले पाणी जाते. ते भरून काढायला जलसंजीवनी थोडी थोडी, पण सारखी पाजावी लागते. एकदम तांब्याभर पाजले तर मूल ओकते. म्हणून वाटी-चमचा घेऊन बसणारा माणूस पाहिजे.

याचे मोठे उदाहरण आहे. 1971 साली बांगलादेशातून लाखो लोक भारतात आले. बंगालमध्ये बनगाव येथे त्यांच्या छावणीत पटकीची साथ आली. सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर व सोडा घातलेले पाणी पाजायला सुरुवात केली. परिचारिका कमी होत्या. म्हणून रोग्याच्या घरच्या माणसांनीच ते पाजले. आधी शंभरातले सुमारे 30 रोगी मरत होते. नंतर शंभरात चारापेक्षाही कमी मरण पावले. म्हणजे जवळ बसणे हे सुद्धा औषधच आहे.

रजा कोणाला मिळते?

(1) सरकारी नोकरी : यांना बालसंगोपन रजा असते. केंद्र सरकारने 2008 साली आपल्या स्त्री कर्मचाऱ्यांना ही रजा दिली. सगळ्या नोकरीत मिळून 730 दिवस. महाराष्ट्र सरकारने 2018 साली 180 दिवसांची रजा दिली. ती मूल 18 वर्षांचे होईपर्यंत घेता येते. जिल्हा परिषदेच्या बाईंनाही ती आहे. वडिलांना मात्र पत्नी हयात नसेल किंवा बरा न होणाऱ्या आजाराने अंथरुणाला खिळलेली असेल तरच मिळते.

(2) कारखाना : आपल्याकडची पुष्कळ माणसे शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथे कामाला जातात. ज्यांचा कामगार विमा आहे तो कामगार स्वतः आजारी पडला तर वर्षात 91 दिवसांपर्यंत शंभरातले 70 रुपये पगार मिळतो. मुलालाही विम्यातून औषधपाणी मिळते. पण मुलासाठी घरी बसलेल्या आईबापाला त्या दिवसांचा पगार विमा देत नाही. इचलकरंजीत मागावर जेवढे कापड तेवढी मजुरी. माग थांबला की मजुरी थांबली.

(3) शेतमजुरी : भांगलण, लागण, ऊसतोड ही कामे रोजगारावर चालतात. इथे रजा हा शब्दच नाही. इथे खाडा म्हणतात. गेले तर पैसे, नाही गेले तर नाही.

एक हिशेब करूया. समजा रोजगार 300 रुपये आहे आणि मुलाला चार दिवस ताप आला. 300 × 4 = 1200 रुपये बुडाले. शिवाय वडापचे भाडे आणि औषध वेगळे. ज्या आठवड्यात खर्च जास्त, त्याच आठवड्यात पैसे कमी. आजार एकच, पण एका घरात भरपगारी रजा आणि दुसऱ्या घरात चूल अडते. हे बरोबर वाटत नाही.

मग लोक काय करतात?

गल्लीतल्या बायका पैरा करतात. आज तुझ्या वाटणीचे भांगलण मी करते, पुढे तू माझे कर. यात कुणाचे काम अडत नाही. आजी घरात असली तर ती सांभाळते. पण पैरेकरीण नाही आणि आजीही नाही, तर थोरल्या बहिणीला घरी ठेवतात. आई कामाला, बाळ आजारी आणि बहिणीची शाळा बुडाली. भावाला घरी ठेवल्याचे मी कमी ऐकले. दहा वर्षांच्या मुलीला बाळ सुस्त झाले म्हणजे काय ते कळत नाही. त्यात बाळाचेही नुकसान आणि तिचेही.

स्वीडन देशात 1974 पासून आई किंवा बाप, कोणीही आजारी मुलासाठी घरी राहिले तरी सरकार विम्यातून पैसे देते. बारा वर्षांखालच्या एका मुलामागे वर्षात 120 दिवसांपर्यंत मिळतात. शंभरातले जवळजवळ 80 रुपये मिळतात. तिथे बापही मुलाजवळ बसतात. आपल्याकडच्या मजुरांनाही असे काही मिळाले तर किती बरे होईल.

आपण काय करावे?

(1) उकळून गार केलेले एक लिटर पाणी, सपाट सहा छोटे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, ही जलसंजीवनी सर्वांनी पाठ करावी. आशाताईंकडे पुड्याही मिळतात.
(2) बाळ सुस्त झाले, पाणी पीत नाही, डोळे खोल गेले किंवा शौचात रक्त पडले तर घरी थांबू नये. लगेच आरोग्य केंद्रात न्यावे. 108 नंबरची गाडी फुकट येते.
(3) पहिल्याच दिवशी दाखवावे. एक दिवसाचा खाडा परवडतो, आठ दिवसांचा नाही.
(4) ताप असताना मुलाला शाळेत पाठवू नये. त्याला विश्रांती मिळत नाही आणि आजार दुसऱ्याला लागतो. मग त्याच्याही आईचा खाडा होतो. बुडालेला अभ्यास आम्ही वही देऊन भरून काढू.
(5) बहिणीची शाळा बुडवू नये. एक दिवस आईने, एक दिवस वडिलांनी राहावे. म्हणजे खाडा वाटून जातो.

आजारी पडणे हा मुलाचा गुन्हा नाही आणि त्याच्याजवळ बसणे हा आईचा आळस नाही. मुकादमांनी आणि मालकांनीसुद्धा हे वाचावे, अशी माझी विनंती आहे.

— इयत्ता चौथी