घराचे कुलूप आणि आळीची जाग

व्यापारी बंधूंनो, चोरीच्या वार्ता वाचून झाल्या की वर्तमानपत्राची घडी घालीत आपण सर्वच एक वाक्य मोठ्या समाधानाने उच्चारतो : "आमच्या आळीत असे काही होत नाही." मागांचा खडखडाट ऐकत वाढलेल्या आम्हां वडगावकरांच्या तोंडी तर हे वाक्य लहानपणापासून बसलेले. दुपारी दार नुसते लोटून घ्यावे, शेजारणीस "लक्ष ठेवा हो" म्हणावे आणि बाजारास जावे, अशी येथील रीत. ही रीत वाईट होती असे आमचे म्हणणे नाही. परंतु तिचे बळ दारात नव्हते, शेजारणीच्या डोळ्यांत होते, हे आमच्या उशिरा ध्यानी आले. ते कसे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम आमचीच हकीकत सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही सहकुटुंब निपाणीस एका विवाहासाठी तीन दिवस गेलो होतो. दर्शनी दारास चांगले भक्कम कुलूप घातले. परसदारास मात्र आतून नुसती कडी होती. परत येऊन पाहतो तो पुढचे कुलूप जसेच्या तसे, आणि परसदाराचा कोयंडा फळीसकट उचकटलेला! मातोश्रींची बोरमाळ व दोन पाटल्या गेल्या.

त्याहून मोठे नुकसान आम्ही स्वतःच करून घेतले. आमच्या दुकानी वीस वर्षे पोती वाहणारा एक हमाल घरीही येत-जात असे. "घरची माहिती असल्यावाचून हे होणे नाही," असे कोणी म्हटले आणि आम्ही त्या गृहस्थास चार लोकांदेखत नको ते विचारले. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. पुढे परगावचा एक इसम दुसऱ्याच गुन्ह्यात सापडला व त्याने आमच्याही घराचे नाव घेतले. उंबऱ्याशी तीन दिवसांची वर्तमानपत्रे पडलेली आणि अंगणात सडा-रांगोळी नाही, एवढेच त्याने पाहिले होते! आम्ही त्या हमालाच्या घरी जाऊन क्षमा मागितली. तो कामावर परत आला. पण पूर्वी रोज सकाळी गोदाम उघडणारा तो माणूस आजतागायत किल्ल्यांचा जुडगा हाती घेत नाही. पाटल्यांची किंमत करता येते, याची कशी करावी?

यावर कोणी शनिशिंगणापूरचे उदाहरण देतील. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील नेवासे तालुक्यातल्या या गावी घरांना दारे व कुलपे नसतात, ही ख्याती सर्वश्रुत आहे. श्रद्धा आणि परस्परांची ओळख यांवर ती प्रथा उभी राहिली. तथापि यात्रेकरूंची वर्दळ वाढल्यावर तेथेही २०१० साली एका प्रवाशाच्या वाहनातून ऐवज गेल्याची तक्रार झाली. २०११ साली युको बँकेने तेथे शाखा उघडली, तीस कुलपाविना शाखा म्हणून प्रसिद्धी मिळाली. पण रोकड ठेवण्याचा बंदोबस्त तिने सोडला नाही. २०१५ साली गावात पोलीस ठाणेही आले. तात्पर्य, जेथे प्रत्येक चेहरा ओळखीचा तेथे विश्वास हेच कुलूप. जेथे अनोळखी माणसांची ये-जा वाढली तेथे विश्वासास कुलपाची जोड हवी. आमच्या वडगावात मंगाईदेवीच्या यात्रेस लोटणारी गर्दी ज्यांनी पाहिली आहे, त्यांस हे निराळे सांगावयास नको.

आता कुलपाचा विचार. अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत लालबाग येथे कुलपांचा कारखाना काढला, तेव्हापासून चांगले देशी कुलूप सर्वांस सुलभ झाले. परंतु चोर सहसा कुलपाशी झटतच नाही, तो कोयंड्याशी झटतो. लहान स्क्रूंनी बसविलेला कोयंडा पहारीच्या एका हिसक्याने निघतो, मग त्यात अडकविलेले कुलूप दोनशेचे असो वा दोन हजारांचे. म्हणून कोयंडा दाराच्या आरपार जाणाऱ्या बोल्टांनी बसवावा व चौकट भिंतीत पक्की असावी. बाहेर लोंबणारे कुलूप "घरी कोणी नाही" अशी दवंडीच पिटते. दारात बसविलेले कुलूप त्या मानाने बरे. परसदारास आतून आडवा अडसर घालावा. जुन्या वाड्यांतील आगळ ही अडाणीपणाची वस्तू नव्हती. मंगलोरी कौलांच्या घरांनी छताकडेही पाहावे, कारण चार कौले सरकविली की वाट मोकळी होते. किल्ली तुळशीवृंदावनात किंवा कोनाड्यात ठेवू नये. ती जागा चोरासही ठाऊक असते.

धान्याच्या व्यापाऱ्यास हे समजणे कठीण नाही. गोदामाच्या दारास केवढेही टाळे लावा, उंदीर मोरीच्या भोकातूनच येतो. म्हणून आपण सांजेस गोदामाची फेरी मारतो, थप्पी मोजतो, वहीशी ताडून पाहतो. घराचीही तशीच फेरी असावी. दागिन्यांची छायाचित्रे व वजनाची पावती निराळी जपून ठेवावी. नित्य न लागणारे दागिने बँकेच्या लॉकरात ठेवावेत. मात्र १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार तेथे चोरी झाल्यास बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंतच असते, हेही ध्यानी असावे.

गावास जाताना वर्तमानपत्र व दूध बंद करावे. शेजारणीस नुसते "लक्ष ठेवा" न म्हणता, रोज अंगणात सडा घालून संध्याकाळी एक दिवा लावण्याची विनंती करावी, आणि त्या गावास गेल्या की आपण त्यांचे अंगण सांभाळावे. २०१८ च्या फेब्रुवारीत श्रवणबेळगोळच्या महामस्तकाभिषेकास आपल्यापैकी अनेकांनी कुलूप लावून प्रस्थान ठेवले होते. अशा यात्रेची छायाचित्रे हल्ली मोबाईलवरून तत्क्षणी जगास कळविली जातात. ती परत आल्यावर दाखविली तरी पुण्य उणे होत नाही!

एवढे करूनही चोरी झालीच, तर कशासही हात न लावता ११२ क्रमांकावर कळवावे, फिर्याद नोंदवावी व तिची प्रत मागून घ्यावी; ती विनामूल्य मिळते. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ अन्वये राहत्या घरातील चोरीस सात वर्षांपर्यंत कारावास आहे. मनात कोणाविषयी संशय असेल तर तो तपास करणाऱ्या अधिकाऱ्यास एकांतात सांगावा. चव्हाट्यावर कोणाचे नाव घेऊ नये. आमच्या हातून घडले ते दुसऱ्या कोणाच्या हातून न घडावे, एवढ्यासाठीच ही लाजिरवाणी हकीकत येथे लिहिली.

शेवटी आपल्या पेढीविषयी एक शब्द. चोरीचा माल घेणारा आहे म्हणूनच चोर आहे. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत 'तदाहृतादान', म्हणजे चोराने आणलेले विकत घेणे, हा दोष आपल्या आचार्यांनी स्पष्ट सांगितला आहे. वरील संहितेचे कलम ३१७ही त्यास शिक्षा सांगते. बाजारभावाहून फार खाली, पावतीवाचून येणारे पोते नाकारणे हेही शेजाऱ्याच्या दारास अडसर घालणेच होय.

दार भक्कम असावे, शेजार जागा असावा आणि जीभ आवरलेली असावी. यांतील पहिली गोष्ट सुतार करून देईल. उरलेल्या दोन आपणांसच केल्या पाहिजेत. सुज्ञांस अधिक सांगणे न लगे.