आधी उजेड, मग रंग

मुलुंड (पूर्व)
रविवार

चि. भाचीबाईंस,


पोस्टरचा फोटो पाहिला. गर्द हिरव्या जमिनीवर लाल अक्षरांत ‘उद्यान वाचवा’, आणि खाली तुझी तक्रार: रंगचक्रातले समोरासमोरचे रंग घेतले, म्हणजे विरोध साधला, तरी सर म्हणतात की अक्षरं डोळ्यांपुढे नाचतात आणि चार पावलांवरून वाचता येत नाहीत. सरांचं बरोबर आहे. पण सगळा दोष तुझ्यावर टाकवत नाही. एलिमेंटरी-इंटरमिजिएट चित्रकला परीक्षांपासून आपण मुलांकडून हेच घोकून घेतो: मूळ रंग तीन, दुय्यम तीन, समोरासमोरचे ते विरोधी. मार्क मिळतात आणि विषय तिथेच मिटतो.

तोच फोटो फोनमध्ये उघड आणि त्यातला रंग काढून काळा-पांढरा कर. अक्षरं गेली ना? तुझा लाल आणि तुझा हिरवा जवळजवळ सारख्याच उजळपणाचे आहेत. आकाराची कड डोळ्याला मुख्यतः उजेड-काळोखाच्या फरकावरून कळते. तो फरक नसला आणि दोन्ही रंग भडक असले, की कड थरथरायला लागते. मला या पत्रात सांगायचं आहे ते एवढंच. रंग कोणता, हे नंतर ठरव. तो किती उजळ आणि किती गडद, हे आधी.

तुझ्या रंगचक्रातही हे आहे, पण चक्र वरून खाली वाचायची सवय आपल्याला नसते. जर्मनीतल्या बाउहाउस कलाशाळेत शिकवणाऱ्या योहानेस इटेन यांचं रंगावरचं पुस्तक १९६१ साली आलं. त्यांच्या चक्रात पिवळा माथ्यावर आहे आणि जांभळा तळाशी. शुद्ध रंगांत पिवळा सर्वांत उजळ आणि जांभळा सर्वांत गडद, म्हणून ही मांडणी सोयीची. जर्मन कवी गटे यांच्याकडून घेतलेले उजळपणाचे आकडेही इटेन देतात: पिवळा ९, नारिंगी ८, लाल ६, हिरवा ६, निळा ४, जांभळा ३. आता विरोधी जोड्या लावून बघ. पिवळा-जांभळा ९ आणि ३, नारिंगी-निळा ८ आणि ४, आणि लाल-हिरवा ६ आणि ६. सर्वांत बिकट जोडी तू उचललीस! हे आकडे शुद्ध रंगांपुरतेच धर. पांढऱ्याचा एक थेंब पडला की हिशेब बदलतो.

रेल्वेने फलाटाच्या टोकाच्या फलकांसाठी पिवळ्यावर काळा निवडला, तो दुरून आणि धावत्या गाडीतून वाचता यावा म्हणून. आपल्या उपनगरातल्या रिक्षांची जोडीही तीच. सुंदर आहे का, यावर आपण भांडू. दिसते, यावर वाद नाही. तू पोस्टरची जमीन हिरवीच ठेव, पण त्या हिरव्यात थोडा क्रिमसन घालून तो खोल आणि दबका कर. अक्षरं फिकट, सायीच्या रंगाची घे. लाल हवाच असेल तर एकाच ठिकाणी, नखाएवढा. मग तो लाल किती बोलतो ते बघ.

रंगाला तीन अंगं असतात, हे अमेरिकन चित्रकार अल्बर्ट मन्सेल यांनी १९०५ च्या पुस्तकात नीट मांडलं: रंग कोणता, तो किती उजळ, आणि तो किती शुद्ध किंवा किती मळका. वर्गात हे तक्त्यावर शिकवतात आणि मुलं जांभया देतात. तू नवरात्राची वाट बघ. वर्तमानपत्रांनी लावून दिलेल्या नऊ रंगांतला ‘निळा’ ज्या दिवशी असेल, त्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला घाटकोपरला मेट्रोच्या जिन्यापाशी बाजूला उभी राहा. शेकडो बायका निळं घालून उतरतील आणि त्यांतला एक निळा दुसऱ्यासारखा नसेल. एकीचा मोरपंखी, हिरव्याकडे झुकलेला. दुसरीचा जांभळ्याकडे गेलेला शाई निळा. हा पहिल्या अंगातला फरक. आकाशी आणि नेव्ही ब्लू यांच्यातला फरक दुसऱ्या अंगातला. आणि नव्या नायलॉनचा झगझगीत निळा आणि वीस धुण्यांनंतरच्या सुती साडीचा निळा, यांत तिसरं अंग दिसेल. डोळे किलकिले करून बघ, म्हणजे कोण ‘निळं’ ते विरतं आणि कोण उजळ, कोण गडद एवढंच उरतं. डोळे किलकिले करणं ही चित्रकाराची सर्वांत जुनी युक्ती, आणि फुकटची. सुरक्षारक्षक हटकेल, तेव्हा हातात वही असू दे. वही बघून लोक सहसा सोडून देतात.

आता रंगाच्या शेजाऱ्यांचं. पॅरिसच्या गोबेलिन कारखान्यात भिंतीवर टांगायचे चित्रपडदे विणले जात. तिथे रंगाईचे प्रमुख होते शेव्हरल नावाचे रसायनशास्त्रज्ञ. काळ्या धाग्याचा रंग फिका पडतो, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी तपासलं, तर रंगाईत काही दोष नव्हता. तो काळा निळ्या-जांभळ्या धाग्यांशेजारी विणला की मेल्यासारखा दिसत होता. १८३९ साली त्यांनी त्यावर जाडजूड पुस्तकच लिहिलं. सार असं, की शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांना आपल्या विरुद्ध दिशेला ढकलतात. लालावर ठेवलेला करडा हिरवटतो, तोच करडा हिरव्यावर तांबूस वाटतो, काळ्यावर उजळतो आणि पांढऱ्यावर काळवंडतो.

हे वाचून पटत नाही, करून पटतं. स्टेशनरीच्या दुकानातून घोटीव कागद आण. एकाच करड्या कागदाचे चार छोटे चौकोन काप आणि चार वेगळ्या रंगांच्या कागदांवर मधोमध चिकटव. चित्रकार जोसेफ आल्बर्स असलेच कागद वापरून शिकवत. १९६३ साली आलेलं त्यांचं पुस्तक म्हणजे अशा सरावांचा संग्रहच आहे. पेंट न वापरण्यामागे त्यांचा विचार होता: कागदाचा रंग हातून बिघडत नाही, त्यामुळे सगळं लक्ष बघण्यावर राहतं. तुझ्या आईला विचार, ती हे कधीपासून जाणते. मॅचिंग सेंटरमध्ये ती ब्लाउजपीस कधीच ताग्यावर ठेवून पसंत करत नाही. साडीच्या काठाला लावते, पदराला लावते, मग दोन्ही घेऊन दुकानाच्या दारापर्यंत उजेडात जाते. ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे पडू शकतात. तूही वर्गातल्या ट्यूबखाली मिसळलेला रंग खिडकीशी नेऊन बघितल्याशिवाय लावू नकोस.

‘माझे रंग मळतात’ हे तुझं दुसरं रडगाणं. चोवीस रंगांची पेटी घेऊ नकोस. डबीवर नुसतं ‘लाल’ लिहिलेला रंग कुठल्या तरी बाजूला कललेला असतोच. व्हर्मिलियन नारिंगीकडे कलतो. तो अल्ट्रामरिनमध्ये घातलास की जांभळा न होता तपकिरी चिखल होतो, कारण त्यातला पिवळा अंश निळ्या-तांबड्याला मारतो. तिथे क्रिमसन घाल, जांभळा स्वच्छ येईल. हिरव्यासाठी लेमन यलो आणि प्रशियन ब्लू. दोन पिवळे, दोन लाल, दोन निळे, एक यलो ऑकर, एक बर्न्ट सिएना आणि पांढरा, एवढ्यावर तुझं वर्ष निघेल. काळी ट्यूब सध्या कपाटात टाक. अल्ट्रामरिन आणि बर्न्ट सिएना मिसळून येणारा काळा जिवंत असतो. थोडं पाणी घातलंस की त्यातून पावसाळी आभाळाचे करडे निघतात. महागड्या परदेशी रंगांचा हट्ट नको. दांडेकरांनी १९३१ साली शाईपासून सुरू केलेल्या कॅम्लिनचे रंग वापरून आमच्या पिढ्या शिकल्या, आणि तुझ्या फाउंडेशन कोर्सच्या सरावाला ते पुरेसे आहेत.

संगणकावर गेलीस की नियम उलटतात. स्क्रीन प्रकाश मिसळते: तिथे लाल, हिरवा, निळा एकत्र आले की पांढरं. छपाई शाई मिसळते: सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा. म्हणून स्क्रीनवर झळाळणारा पोपटी हिरवा चार शायांत उतरत नाही, आणि फ्लेक्सवाल्याशी भांडून तो उतरणार नाही. छापायला देण्याआधी छोटा नमुना मागून घे.

रंगावर सगळा अर्थ टाकू नये, हेही मला वाटतं डिझाइनवाल्यांना उशिरा कळतं. तू बोरिवलीहून मेट्रोनं जातेस ना, तिथला नकाशा बघ. वर्सोवा-घाटकोपर मार्गिका निळी, दहिसरहून निघणाऱ्या दोघींपैकी एक पिवळी, एक लाल. पण प्रत्येकीला क्रमांकही आहे: १, २अ, ७. ज्यांना लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत अशी माणसं तुझ्या वर्गातही असतील, आणि हा दोष पुरुषांमध्ये बराच जास्त आढळतो. त्यांना क्रमांक तारतो. पांढऱ्यावर नुसती पिवळी रेघ तर कोणालाच धड दिसत नाही. पुन्हा उजळपणाचाच प्रश्न. वेबसाइटसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक नियमांत साध्या मजकुराला जमिनीशी निदान ४.५ ला १ इतका उजळपणाचा फरक मागितला आहे, मोठ्या अक्षरांना ३ ला १. शुद्ध पिवळा पांढऱ्यावर यांतल्या एकाच्याही जवळपास पोचत नाही.

चित्रकार गायतोंड्यांचं एखादं चित्र कुठे प्रदर्शनात लागलं तर सोडू नकोस. १९४८ साली जे.जे. स्कूल ऑफ आर्टमधून बाहेर पडलेला हा माणूस पुढे एकाच रंगाच्या कुटुंबात राहून अख्खा कॅनव्हास उभा करायचा. तिथे सगळं काम उजेडच करतो. आणि घराजवळचं म्हणशील तर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरीची लेणी. चौतीस क्रमांकाच्या लेण्याच्या छतावर बुद्धाच्या अपुऱ्या राहिलेल्या चित्राचे अवशेष आहेत. अजिंठ्याच्या चित्रकारांपाशीही गेरू, पिवळी माती, काजळी, पांढरी, हिरवी माती आणि नंतरच्या काळात दुरून आलेला लाजवर्दी निळा, एवढंच होतं. कान्हेरीला गेलीस तर रंग नेऊ नकोस, फक्त पेन्सिल ने. छतावरचा उजळ भाग कुठे संपतो आणि गडद कुठे सुरू होतो, एवढंच टिपून आण. पाणी बरोबर घे, आणि सोमवारी जाऊ नकोस, उद्यान बंद असतं.

आईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा